फोटोला रंगीत पेन्सिलीचा हात

वेंगुर्ल्याच्या वाळूवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढायला माणसे दोन बाजूंना उभी राहिली की बघणाऱ्यांचे मोबाइल बाहेर निघतातच. वाकलेल्या पाठी, ताणलेले दोर, मागे लाटांवर सकाळचे ऊन. फोटो छान येतो. घरी आल्यावर तो एखाद्या ॲपमध्ये घालून ‘कलर पेन्सिल’ या बटणावर बोट ठेवले की दोन सेकंदांत चित्र तयार होते, आणि बहुतेक वेळा ते पाहून हिरमोड होतो. जाळ्याचा प्रत्येक डोळा काळ्या रेघेने भरलेला असतो, माडाच्या झावळ्यांचा गुंता झालेला असतो, वाळूवर मुंग्या सुटल्यासारखे ठिपके असतात आणि ज्या माणसांसाठी फोटो काढला ती त्या गर्दीत हरवलेली असतात.

हा गुंता टाळता येतो, आणि त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर किंवा चित्रकलेची पदविका लागत नाही. ॲप रेघ, रंग आणि कागद ही तिन्ही कामे एकाच बटणात उरकते. ती वेगवेगळी केली, प्रत्येकाचा थर स्वतंत्र ठेवला, तर कोणती रेघ ठेवायची आणि कोणती पुसायची हे माणसाच्या हाती राहते. चांगले पेन्सिलचित्र होते ते या निवडीमुळे.

आधी खरी पेन्सिल हातात घ्यावी

सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी अर्धा तास खऱ्या रंगीत पेन्सिलीला द्यावा. शाळेच्या दप्तरातली बारा रंगांची पेटी पुरते. १९३१ साली दांडेकर बंधूंनी सुरू केलेल्या कॅम्लिनमुळे अशी पेटी महाराष्ट्रात घरोघरी पोचली आहे. विषय म्हणून काजूचे बोंड घ्यावे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने दिलेल्या जातींपैकी वेंगुर्ला-४ चे बोंड लाल असते, वेंगुर्ला-७ चे पिवळे. आकार सोपा, रंग तेजस्वी, खाली लटकलेली करडी बी. सरावाला याहून सोयीचा नमुना कोकणात शोधावा लागणार नाही.

हे बोंड रंगवताना तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली, रंग कागदाच्या उंचवट्यांवर बसतो आणि खळग्यांत कागदाचा पांढरा तसाच राहतो. रंगीत पेन्सिलीच्या शिशात रंगद्रव्य मेणात किंवा तेलात बांधलेले असते. ते कागदावर घासले जाते, शाईसारखे आत झिरपत नाही. दुसरी, प्रत्येक फटकाऱ्याला दिशा असते. बोंडाच्या गोलाईबरोबर हात आपोआप वळतो. तिसरी गोष्ट सावलीची. बोंडाची काळोखी बाजू काळ्या पेन्सिलीने रंगवली तर फळ नासल्यासारखे दिसते. तांबड्यावर जांभळा, मग थोडा गडद निळा असे थर दिले तर सावली जिवंत राहते.

पांढरा कागद, दिशा असलेला फटकारा आणि रंगीत सावली. संगणकावर पुढे जे काही करायचे ते या तीन गोष्टी परत आणण्यासाठी.

कोणते सॉफ्टवेअर?

अडोबीच्या फोटोशॉपमध्ये फिल्टर गॅलरीत ‘कलर्ड पेन्सिल’ नावाचा फिल्टर आहे. त्यात पेन्सिलीची जाडी, हाताचा दाब आणि कागदाचा उजळपणा अशा तीनच पट्ट्या सरकवायच्या असतात. तो झटपट आहे, पण साऱ्या चित्रावर सरसकट सारखेच फटकारे मारतो. फोटोशॉपचे भाडे भरावे लागते, म्हणून घरच्या कामासाठी दोन मोफत प्रोग्रामांकडे वळावे. १९९६ पासून उपलब्ध असलेला गिंप फोटोवरच्या प्रक्रियेसाठी उत्तम, तर क्रिता हा हाताने चित्र काढणाऱ्यांसाठी बनवलेला आहे. दोन्ही विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालतात. फ्रान्समधल्या कां शहरातील ग्रेक प्रयोगशाळेत तयार झालेला जीमिक हा फिल्टरांचा संचही मोफत असून तो गिंपला जोडता येतो.

प्रोग्रामिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक वाट आहे. ओपनसीव्ही या मोफत संग्रहात ‘पेन्सिलस्केच’ नावाचे तयार फंक्शन आहे. एदुआर्दो गास्ताल आणि मानुएल ओलिव्हेरा यांनी २०११ मध्ये मांडलेल्या, कडा शाबूत ठेवून आतला भाग मऊ करण्याच्या पद्धतीवर ते आधारलेले आहे. एकदा चालवले की ते काळे-पांढरे आणि रंगीत अशी दोन्ही चित्रे देते. पुढची कृती मात्र गिंप डोळ्यांसमोर ठेवून सांगितली आहे.

फोटोची निवड

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो वापरू नये. पाठवताना तो दाबून लहान केला जातो आणि त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. छपाईचे नेहमीचे माप इंचाला ३०० पिक्सेल धरले तर असा फोटो जेमतेम सव्वापाच इंच लांब छापता येतो. ए-४ कागदासाठी २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा मूळ फोटो ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा असतो, म्हणजे तो सव्वातेरा इंच लांब आणि दहा इंच रुंद छापता येतो. कुणाकडून फोटो मागवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे, मग तो जसाच्या तसा येतो.

उजेड तिरपा हवा. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर वस्तूची एक बाजू उजळ, दुसरी सावलीत असते आणि आकार स्वतःच उठून दिसतो. भर दुपारच्या फोटोत वाळू आणि आकाश दोन्ही पांढरीफटक होतात.

रात्रीचे फोटो वेगळी काळजी मागतात. जत्रेत देवळासमोर रंगलेल्या दशावतारी नाटकाचा फोटो कमी उजेडात काढलेला असतो, त्यामुळे त्यात बारीक रंगीत दाणे येतात. डोळ्यांना ते जाणवत नाहीत, पण फिल्टर प्रत्येक दाण्याची रेघ काढतो. अशा फोटोवर आधी ‘फिल्टर्स’मधल्या ‘एन्हान्स’ गटातला ‘नॉइज रिडक्शन’ चालवावा आणि मगच पुढे जावे.

पहिला थर: रेघ

फोटो उघडून त्याच्या लेअरच्या दोन प्रती कराव्यात. मूळ फोटो सर्वांत खाली तसाच राहू द्यावा. पहिली प्रत ‘कलर्स’ मेनूतल्या ‘डिसॅच्युरेट’ने करडी करावी. या करड्या प्रतीची आणखी एक प्रत करून ती ‘इन्व्हर्ट’ने उलटी करावी, म्हणजे निगेटिव्हसारखी. तिचा मोड ‘डॉज’ करावा. या क्षणी पडदा जवळजवळ पांढरा होतो आणि नवखा माणूस घाबरतो. घाबरण्याचे कारण नाही. त्याच लेअरवर ‘गॉशियन ब्लर’ लावला की पांढऱ्यातून रेघा उमटू लागतात. ४००० पिक्सेलच्या फोटोला १५ ते २५ पिक्सेलची त्रिज्या पुरते, १६०० पिक्सेलच्या फोटोला ६ ते १०. मनासारखे झाले की उलटी प्रत खालच्या करड्या प्रतीत ‘मर्ज डाउन’ करावी. हा झाला रेघेचा थर. इथे ‘लिनिअर इन्व्हर्ट’ नव्हे, साधा ‘इन्व्हर्ट’ वापरावा, नाहीतर सपाट जागा पांढऱ्या होत नाहीत. फोटोची दुसरी, रंगीत प्रत पुढच्या टप्प्यासाठी ठेवावी.

हे असे का घडते, ते कळले की पुढचे सगळे सोपे जाते. संगणक प्रत्येक ठिपक्याचा उजेड ० ते २५५ या आकड्यांत मोजतो. वरच्या कृतीत प्रत्येक ठिपका त्याच्या आसपासच्या सरासरी उजेडाने भागला जातो. आकाशाचा ठिपका २०० आणि आसपासही २०० असेल तर भागाकार एक येतो, म्हणजे पूर्ण पांढरा. काळ्या होडीच्या कडेवर ठिपका ८०, पण शेजारच्या वाळूमुळे सरासरी १६० होते. भागाकार अर्धा आला, म्हणून तिथे करडी रेघ उमटते. होडीच्या मधोमध ठिपकाही ८० आणि सरासरीही ८०, म्हणून काळी होडीसुद्धा आतून पांढरी होते आणि फक्त कड उरते. चित्रकार बाह्यरेषा काढतो ती जवळपास अशीच.

वाळूवरच्या मुंग्यांचे उत्तरही याच हिशेबात आहे. वाळूचा एखादा कण १५० आणि सरासरी १६५ असेल तर भागाकारातून २३२ येतात, म्हणजे अगदी फिका करडा ठिपका. असे हजारो ठिपके मिळून मळकट थर तयार होतो. ‘कलर्स’मधल्या ‘लेव्हल्स’मध्ये उजवीकडची पांढरी खूण २५५ वरून २२५ वर आणली की त्याहून फिके सगळे ठिपके पांढरे होऊन जातात आणि ठळक रेघा शाबूत राहतात. एका पट्टीच्या सरकवण्याने चित्राचा निम्मा कचरा जातो.

उरलेला कचरा हाताने काढावा. पांढरा रंग आणि मऊ कडेचा ब्रश घेऊन रेघेच्या थरावर जाळ्याचा दूरचा भाग, मागची झुडपे, आकाशातली विजेची तार पुसून टाकावी. माणसांचे चेहरे असतील तर त्यांच्यासाठी कमी त्रिज्येचा दुसरा रेघ-थर करून तेवढाच भाग वापरावा, म्हणजे डोळ्यांभोवती जाड फासल्यासारखी रेघ येत नाही.

दुसरा थर: रंग

आता बाजूला ठेवलेली रंगीत प्रत घ्यावी. तिच्यावर ‘सिलेक्टिव्ह गॉशियन ब्लर’ लावावा. हा ब्लर शेजारच्या ठिपक्यांत थोडाच फरक असेल तिथे ते मिसळतो आणि मोठा फरक असेल ती कड सोडून देतो. भिंत मऊ होते, पण भिंतीची कड जात नाही. मग ‘लेव्हल्स’च्या खालच्या ‘आउटपुट’ पट्टीत डावी खूण ० वरून ४५ ते ६० पर्यंत आणावी. चित्रातला सर्वांत गडद भागही आता काळा राहत नाही. ‘कलर बॅलन्स’मध्ये ‘शॅडोज’ निवडून किंचित निळ्याकडे झुकवले की सावल्या पेन्सिलीच्या थरांसारख्या दिसू लागतात. दशावतारातल्या संकासुराचा काळा पोशाख फोटोत नुसता काळा डाग असतो. या कृतीनंतर त्यात निळसर, तपकिरी छटा दिसू लागतात आणि पोशाखाच्या घड्या वाचता येतात.

फटकारे आणण्यासाठी या रंगीत लेअरला मास्क जोडावा. मास्कमध्ये पांढरा असेल तिथे रंग दिसतो, काळा असेल तिथे खालचा कागद. मास्क मध्यम करड्या रंगाने भरून त्यावर ‘नॉइज’ लावावा, मग ‘लिनिअर मोशन ब्लर’ सुमारे ४० पिक्सेल लांबीचा आणि ४५ अंशांच्या कोनात लावावा. दाणे ओढले जाऊन त्यांच्या तिरप्या रेघा होतात. शेवटी मास्कवरच ‘लेव्हल्स’ने पांढऱ्या-काळ्याचा फरक वाढवावा. खाली पांढरी लेअर भरून ठेवली की रंगाच्या रेघांमधून कागद डोकावू लागतो.

एवढ्यावर थांबले तर तयार फिल्टरच्या चित्रातला दोष इथेही येतो: सगळीकडे सारखेच फटकारे, एकाच कोनात. म्हणून रंगीत लेअरच्या तीन-चार प्रती कराव्यात, प्रत्येकीच्या मास्कला वेगळा कोन द्यावा आणि ‘फ्री सिलेक्ट’ने आखून ज्या भागाला जो कोन शोभतो तोच तिथे ठेवावा. समुद्राला आडवा, छपराला त्याच्या उताराचा, माडाच्या बुंध्याला उभा, आकाशाला लांब आणि फिका तिरपा. या कामाला वीस मिनिटे लागतात आणि चित्र हाताने काढल्यासारखे वाटते ते इथूनच.

रेघेचा थर सर्वांत वर आणून त्याचा मोड ‘मल्टिप्लाय’ करावा. रेघा काळ्या न ठेवता ‘कलराइझ’ने गडद तपकिरी कराव्यात. ज्यांना भरीव रंग नको, केवळ रंगीत रेघा हव्यात, त्यांनी रेघेचा थर खाली ठेवून त्याच्यावर मूळ फोटोची प्रत ‘एचएसएल कलर’ मोडमध्ये ठेवावी. पांढऱ्या जागा पांढऱ्याच राहतात आणि प्रत्येक रेघ त्या जागेच्या रंगाची होते.

तिसरा थर: कागद

चित्राच्या कागदाचा एखादा कोरा तुकडा खिडकीजवळ तिरप्या उजेडात ठेवून त्याचा फोटो काढावा. तो करडा करून, ‘लेव्हल्स’ने उजळ करून, सर्वांत वर ‘मल्टिप्लाय’ मोडमध्ये वीस-तीस टक्के दृश्यतेने ठेवावा. सॉफ्टवेअरमधला तयार पोत सारख्या अंतरावर पुन्हा पुन्हा येतो आणि ओळखू येतो. खऱ्या कागदाचा तसा येत नाही. चित्राच्या कडाही चौकटीपर्यंत भरू नयेत. पेन्सिलीने रंगवणारा कडेला हात सैल सोडतो, तसे चारी बाजूंना मास्कवर काळ्या ब्रशने रंग विरळ करत न्यावे.

वेंगुर्ल्याची चार दृश्ये

डच वखारीचे अवशेष. सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली. तिच्या पडक्या भिंती जांभ्याच्या आहेत आणि जांभ्याला हजार भोके. रेघेचा फिल्टर प्रत्येक भोक रेखाटतो आणि भिंत जाळीदार होते. इथे रेघ काढण्याआधीच करड्या प्रतीवर ‘सिलेक्टिव्ह गॉशियन ब्लर’ जोरात लावावा, मग चिऱ्यांचे सांधे आणि कमानी तेवढ्या उरतात. भोके दाखवायची तर उन्हातल्या दोन-चार चिऱ्यांवर हाताने ठिपके द्यावेत. बाकीची भिंत पाहणारा मनाने भरून घेतो.

कौलारू घर आणि खळे. मंगलोरी कौलांच्या रांगा हा रंगीत पेन्सिलीचा आवडता विषय. रांगांच्या रेघा ठेवाव्यात, पण एकेका कौलाची कड छपराच्या सावलीच्या भागात पुसून टाकावी. जुन्या कौलांवरचा शेवाळी काळपटपणा हिरवा आणि जांभळा मिळून दाखवावा.

शिरोड्याची मिठागरे. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहाने इतिहासात गेलेली ही जागा वेंगुर्ले तालुक्यातच आहे. मिठाच्या ढिगाला रंग द्यायचाच नसतो. तो कागदाचा कोरा पांढरा असतो. ढिगाच्या जागी मास्क काळा करावा आणि फक्त सावलीच्या बाजूला फिका निळा फटकारा ठेवावा.

समुद्र आणि ओली वाळू. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये अनेक वर्षे शिकवलेले चित्रकार प्र. अ. धोंड यांची समुद्राची जलरंगचित्रे जरूर पाहावीत. त्यांच्या आत्मकथनाचे नावही ‘रापण’च आहे. माध्यम वेगळे असले तरी किती सोडून द्यायचे हे त्यांच्याकडून शिकता येते. लाटेचा फेस रेखाटू नये, मोकळा सोडावा. क्षितिजाची रेघ आणि ओल्या वाळूतले प्रतिबिंब एवढ्यावर समुद्र उभा राहतो.

रेघेची शिस्त पाहायची असेल तर वेंगुर्ल्याहून कुडाळ तालुक्यातले पिंगुळी फार दूर नाही. तिथल्या ठाकर कलावंतांच्या चित्रकथीत आकृतीची बाह्यरेषा ठाम असते आणि रंग तिच्या आत राहतो. ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. ती चित्रे जवळून पाहिली की फिल्टरने काढलेल्या थरथरत्या, तुटक रेघेत काय कमी आहे ते समजते, आणि मग क्रितामध्ये पेन्सिलीचा ब्रश घेऊन मुख्य चार रेघा स्वतः ओढाव्याशा वाटतात. त्या जरूर ओढाव्यात. पेन-टॅब्लेट नसला तरी माउसने संथपणे काढता येतात.

छपाई आणि जपणूक

काम चालू असताना फाइल गिंपच्या एक्ससीएफ स्वरूपात ठेवावी, म्हणजे सगळे थर वेगळे राहतात. पूर्ण झाल्यावर पीएनजी किंवा टिफमध्ये काढावी. जेपीईजी पुन्हा पुन्हा उघडून साठवला की दर वेळी थोडा बिघडतो आणि बारीक फटकारे आधी जातात. छपाई चकचकीत फोटो कागदावर करू नये, पेन्सिलीचा सगळा आभास चकाकीत विरतो. जाड, खरखरीत, चमक नसलेला कागद मागावा. पडद्यावरचा निळा समुद्र आणि कोवळा हिरवा कागदावर मंदावतात, म्हणून मोठी प्रत काढण्याआधी चित्राचा एक पट्टा छापून उजेडात पाहावा.

काही गोष्टी स्पष्ट ठेवाव्यात

मासळी विकणाऱ्या बाईचा किंवा रापणीवरच्या माणसाचा फोटो चित्रासाठी वापरायचा तर त्यांना विचारावे, आणि चित्र तयार झाल्यावर एक प्रत त्यांना द्यावी. इंटरनेटवर सापडलेला दुसऱ्याचा फोटो घेऊ नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोवर पहिला हक्क सामान्यतः तो काढणाऱ्याचा असतो आणि पेन्सिलीचा फिल्टर लावल्याने तो हक्क संपत नाही. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या सरावात किंवा हस्तचित्रांच्या स्पर्धेत असे चित्र देऊ नये. भिंतीवर लावताना, भेट देताना खाली ‘छायाचित्रावरून, संगणकाच्या मदतीने’ असे लिहावे. त्याने चित्राचे मोल कमी होत नाही, आणि हाताने रंगवणाऱ्यांच्या मेहनतीचा मान राहतो.

पहिल्याच दिवशी रापणीच्या फोटोला हात घालू नये. माणसे, जाळे, लाटा, वाळू असे सगळे कठीण विषय त्यात एकत्र आलेले असतात. बाजारातून एक लाल बोंड आणावे, पांढऱ्या कागदावर खिडकीशी ठेवून फोटो काढावा आणि वर सांगितलेले तीन थर त्याच्यावर करून पाहावेत. मग तेच बोंड शेजारी ठेवून बारा पेन्सिलींनी हाताने रंगवावे. दोन्ही चित्रे भिंतीवर शेजारी शेजारी लावली की दुसऱ्या फोटोत काय सुधारायचे ते तीच सांगतील.